सहावी जागा की सातवी?

सिकलसेल हा आजार विदर्भातील व नंदुरबारकडील वाचकांना नवा नाही. हाडे-सांधे असह्य दुखणे, रक्त कमी होणे, कावीळ, वारंवार होणारा जंतुसंसर्ग ही त्याची लक्षणे. निरोगी तांबडी पेशी गोल व लवचीक असते. या आजारात प्राणवायू कमी पडला की ती विळ्यासारखी वाकडी व ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते.

मूळ दोष मात्र अगदी लहान आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५७ साली केंब्रिज येथे हे दाखवून दिले.

आता गंमत पाहा. संगणकावरील आजच्या नोंदींत हाच दोष 'सातव्या जागी' असल्याचे आढळते! हे दोन निराळे दोष आहेत काय? नाही. साखळी तयार होताना तिच्या आरंभी मेथिओनिन हे एक जादा आम्ल असते; ते पुढे गळून पडते. जुन्या पद्धतीत ते मोजत नसत, नव्या पद्धतीत मोजतात. माणसाला हे समजावता येते. संगणकाला कोण समजावणार?

रक्तपेढीत जसे रक्त, तशी माहितीपेढीत माहिती साठवतात. परंतु जीवशास्त्राच्या पेढ्या अनेक आहेत. जनुकांची अक्षरमाला जेनबँकेत, प्रथिनांची माहिती युनिप्रॉटमध्ये, त्यांचे आकार प्रोटीन डेटा बँकेत, तर आनुवंशिक आजारांच्या नोंदी डॉ. व्हिक्टर मॅक्युसिक यांनी सुरू केलेल्या 'ओमिम'मध्ये. संशोधकाला पूर्वी प्रत्येक दारी जाऊन हाताने जुळवाजुळव करावी लागे.

यावर उपाय आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखाच आहे. शेताला कोणी 'आंब्याचे' म्हणो, कोणी 'विहिरीचे', गट नंबर एकच. तसाच सिकलसेलच्या बदलाला 'आरएस ३३४' हा क्रमांक आहे, बीटा साखळीला युनिप्रॉटमध्ये 'पी ६८८७१' हा. अशा क्रमांकांनी पेढ्या एकमेकींना जोडल्या, की "या साखळीतील कोणते बदल आजार घडवतात व ते प्रथिनाच्या आकारात कोठे येतात?" हे एकाच प्रश्नात विचारता येते. अर्थात जोडणी चुकली, तर उत्तरही चुकणार. म्हणून अनुभवी जीवशास्त्रज्ञ नोंदी तपासत असतात. आपल्याकडेही २०२२ मध्ये फरिदाबाद येथे भारतीय जैविक माहिती केंद्र सुरू झाले.

वाचकहो, नावांचा हाच घोटाळा घरोघरीच्या कागदांतही असतो. एका कागदावर 'एएस', दुसऱ्यावर 'वाहक', तिसऱ्यावर 'ट्रेट' लिहिलेले असते. तिन्हींचा अर्थ साधारणपणे एकच. नुसते 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' एवढेच लिहिले असेल, तर मात्र वाहक की रुग्ण हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करावीच लागते.

वाहक व्यक्ती सहसा आजारी नसते. तिला हिणवू नये. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून पत्रिकेबरोबर दोन्ही घरचे रक्ताचे अहवालही शेजारी ठेवून डॉक्टरांकडून वाचून घ्यावेत.