पदोन्नती डावलली? हे माहीत असू द्या

● हक्क कशाचा? पदोन्नती मिळण्याचा नाही. पण पात्र सरकारी कर्मचाऱ्याचा पदोन्नतीसाठी विचार होणे, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 16 नुसार मूलभूत हक्क आहे.

● गोपनीय अहवाल : अहवालातील प्रत्येक शेरा, अगदी 'चांगला' हासुद्धा, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे (सर्वोच्च न्यायालय, देव दत्त खटला, 2008).

● मोहरबंद पाकीट : केवळ प्राथमिक चौकशी सुरू आहे म्हणून पदोन्नतीबाबतचा निर्णय पाकिटात बंद ठेवता येत नाही, त्यासाठी दोषारोपपत्र बजावलेले असावे लागते (जानकीरामन खटला, 1991).

● दाद कुठे? आधी विभागाकडे लेखी निवेदन. सहा महिन्यांत निर्णय न आल्यास महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजेच 'मॅट'. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्याची खंडपीठे आहेत.

● मुदत : अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदनाला उत्तरच न आल्यास ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष.

● पुढे? 'मॅट'च्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते (चंद्रकुमार खटला, 1997).

सेवाज्येष्ठता यादी प्रसिद्ध होताच स्वतःचे नाव तपासा, हरकत मुदतीत आणि लेखीच नोंदवा, पोच जपून ठेवा.