घरून काम, घरकाम आणि नऊ मिस्सा

१५ डिसेंबर, दुपारचे दोन. कॅनडातल्या विनिपेग शहरात बाहेर उणे पंधराची थंडी, आणि एका फिलिपिनो आईच्या जेवणाच्या टेबलावर दोन पडदे उघडे. लॅपटॉपवर टोरोंटोतल्या कंपनीचं पगारपत्रक. त्याला टेकून उभ्या केलेल्या मोबाइलवर, आवाज बंद करून, माहेरच्या चर्चमधली मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना. तिकडे १६ तारीख उजाडायची आहे, पहाटेचे चार वाजलेत. चर्चबाहेर केळीच्या पानावर बिबिंगका भाजली जात असणार: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, खाली निखारे आणि वरही निखारे. आपल्या गोव्याची बेबिंका निराळी, थराथरांची. पण नाव ऐकलं की कान टवकारतातच.

ही आई मी कल्पिलेली आहे. तिचा दिवस ज्या नियमांवर चालतो ते मात्र खरे आहेत, आणि तेच इथे उलगडून पाहू. तिला दोन मुलं आहेत असं धरू, सहा वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. नवरा गोदामात पाळ्यांनी काम करतो. ती घरी बसून कर्मचाऱ्यांचे पगार काढते.

सुरुवात घड्याळापासून. फिलिपाइन्स विनिपेगच्या १४ तास पुढे आहे, पण हिवाळ्यातच. मार्चच्या दुसऱ्या रविवारी विनिपेगचे काटे तासभर पुढे सरकतात आणि अंतर १३ तासांवर येतं; नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा १४. फिलिपाइन्सचं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही. तिच्या माहेरी रात्री आठला घरची जपमाळ होते. हिवाळ्यात विनिपेगमध्ये तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतात, मुलं झोपेत, घर शांत. पन्नासेक ‘नमो मारिया’, पाच रहस्यं (येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग), सगळं मिळून वीस मिनिटं. उन्हाळा आला की तेच रात्रीचे आठ इकडे सकाळी सात होतात, म्हणजे नेमकी दूध, डबा आणि बुटांच्या शोधाची वेळ. मग तिकडच्या सगळ्यांनी जपमाळ सातला घ्यायची, की इकडच्या एकीने अंड्यांचा तवा उतरवायचा? वर्षातून दोनदा हा तह नव्याने होतो. वडील कुरकुरत का होईना, जेवण पुढे ढकलतात. फोन ठेवण्याआधी मुलगी पडद्यासमोर मान लववून ‘मानो पो’ म्हणते. मोठ्यांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, ही तिकडची नमस्काराची रीत. मोबाइलवर हात सापडत नाही, कपाळ तेवढं टेकवता येतं.

नोकरीचं घड्याळ आणखी वेगळं. टोरोंटो विनिपेगच्या एक तास पुढे, म्हणून कंपनीचे नऊ ते पाच हिचे आठ ते चार. हे बरंच सोयीचं. तोट्याची गोष्ट अशी की मुलगी शाळेतून साडेतीनला सुटते आणि ‘घरी बसून काम करते’ याचा अर्थ शेजारपाजार, नातलग, कधीकधी खुद्द नवराही ‘घरीच तर असते’ असा लावतो. घरून काम आणि घरकाम यांत मराठीत एकदोन अक्षरांचा फरक आहे, व्यवहारात दिवसभराचा. पगाराचा आकडा चुकला तर कोणाचं तरी घरभाडं थकतं. दोन वर्षांचं मूल मांडीवर घेऊन ते काम होत नाही. मॅनिटोबा प्रांतात एप्रिल २०२३ पासून मान्यताप्राप्त पाळणाघराचा दर दिवसाला १० डॉलरवर आला. पालकांना मोठाच दिलासा. पण दर उतरला म्हणून जागा वाढल्या असं होत नाही, आणि प्रतीक्षायादी लांबलचक आहे.

या सगळ्या रचनेचा खरा खांब म्हणजे लोला. टागालोग भाषेत लोला म्हणजे आजी. (मोठी बहीण म्हणजे ‘आते’. मराठी माणूस इथे हमखास घोटाळ्यात पडतो.) कॅनडाच्या ‘सुपर व्हिसा’वर आईवडिलांना किंवा आजीआजोबांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, जुलै २०२२ पूर्वी ही मुदत दोन वर्षं होती. मुलीला किंवा मुलाला ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं, येणाऱ्याचा किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा काढावा लागतो, आणि आलेल्याला नोकरी करता येत नाही. नातवाला सांभाळणं अर्थात नोकरीत मोजत नाहीत. टोरोंटोलगतच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागामधल्या कित्येक मराठी घरांतही हीच व्यवस्था आहे, त्यामुळे पुण्याच्या वाचकाला हे फार समजावून सांगायला नको.

पण लोलाच्या येण्याला फिलिपिनो घरांत एक जास्तीचा पदर असतो, आणि माझ्या मते सगळी गोष्ट समजून घ्यायची तर तोच धरायला हवा. १९७४ च्या कामगार कायद्यापासून त्या देशाने माणसं परदेशी कामाला पाठवणं हे सरकारी धोरण केलं. बाया हाँगकाँग, सिंगापूर, आखाती देश इथे घरकामाला, मुलं सांभाळायला गेल्या. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी हाँगकाँगमधल्या अशाच बायांना ‘नवे वीर’ म्हटलं. २०२३ मध्ये परदेशातून नुसत्या बँकांमार्फत देशात आलेली रक्कम ३,३०० कोटी डॉलरहून अधिक होती. अशा बायांतलीच एक म्हणजे आपली ही लोला, असं धरा: हाँगकाँगला दोन-दोन वर्षांच्या करारांवर पंधरा वर्षं, मालकाच्याच घरात राहणं, आठवड्याला एक सुट्टी, बहुधा रविवार. त्या दिवशी सकाळी मिस्सा आणि मग मैत्रिणींबरोबर रस्त्याकडेला पुठ्ठे अंथरून दुपार. कितीही वर्षं राहिलं तरी तिथे कायम राहण्याचा हक्क नाही. तिची मुलगी गावी वाढली, तिच्या स्वतःच्या लोलाकडे.

आता तीच मुलगी घरून काम करते आणि तिची मुलं भिंतीपलीकडच्या खोलीत आहेत. दमलेल्या आईला ‘घरून काम करायला मिळतंय, नशीब समज’ असं कोणी ऐकवलं की तिला राग येतो, आणि रास्त येतो. पण लोलाच्या तोंडून तेच वाक्य आलं तर ती गप्प बसते.

श्रद्धेचं काय, ती या दिवसात कुठे बसते? इथे नीट पाहिलं तर प्रार्थनांचे तीन प्रकार वेगळे काढता येतात. पहिला, फटीत बसणाऱ्या. दुपारी बाराची अँजलस दोन मिनिटांत होते, कॅमेरा बंद करून. दुसरा, दुसऱ्या माणसांवर अवलंबून असणाऱ्या, जशी सकाळची जपमाळ. तिसरा, जिथे स्वतः हजर राहावंच लागतं, म्हणजे रविवारची मिस्सा. पडद्यावर पाहिलेली मिस्सा तिची जागा घेत नाही. मात्र कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ रविवारच्या बंधनातून सूट देताना जी उदाहरणं देतो त्यांत आजारपणाबरोबर तान्ह्या मुलाची देखभाल स्पष्ट लिहिलेली आहे. मूल तापलेलं असताना घरी राहिलेल्या आईला अपराधी वाटायचं कारण नाही, हे नियमातच आहे. तरी वाटतं, ती गोष्ट वेगळी.

बुधवारची पंचाईत मात्र खास तिची. मनिलाजवळच्या बाक्लारान इथल्या नित्य सहाय्य मातेच्या चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मातेची खास प्रार्थना, होते, आणि त्या भागात बुधवारची रस्त्यावरची गर्दी ठरलेली. मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल: माहीमच्या सेंट मायकल चर्चमधली त्याच मातेची बुधवारची नोव्हेनाही १९४८ सालचीच. आता हिच्या कंपनीत पगार दर दुसऱ्या शुक्रवारी होतो आणि बँकेला फाइल दोन दिवस आधी, म्हणजे बुधवारी जाते. जो वार मातेचा, तोच फाइलचा. तिने तोडगा काढलाय: एका बुधवारी स्वतः नोव्हेना म्हणायची, पगाराच्या बुधवारी लोला म्हणते आणि ही फाइल पाठवून झाल्यावर शेवटच्या प्रार्थनेला स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते.

वर्षाची खरी परीक्षा डिसेंबरातल्या नऊ दिवसांची. सिंबांग गाबी, म्हणजे शब्दशः रात्रीची मिस्सा. फिलिपाइन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर, रोज उजाडण्याआधी. स्पॅनिश काळापासूनची रीत; शेतावर जाण्याआधी लोकांना गाठायचं म्हणून वेळ इतकी लवकर. नऊही मिस्सा पुऱ्या केल्या तर मनातली इच्छा पुरी होते, अशी लोकांची समजूत. विनिपेगमध्ये सूर्य डिसेंबरात सव्वाआठच्याही पुढे उगवतो. पहाटे चारला मुलांना बर्फातून बाहेर काढणं कोणालाच परवडत नाही. म्हणून उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी ही मिस्सा संध्याकाळी होते आणि तारखाही एक दिवस आधीच्या, १५ ते २३.

वेळ बदलली की सगळं गणितच बदलतं. पहाटेची मिस्सा आईच्या झोपेतून कापली जायची. संध्याकाळची स्वयंपाकातून कापली जाते. आणि तो तोटा चर्चच भरून काढतं, कारण मिस्सेनंतर सभागृहात जेवण असतं. रोज एकेका गटाकडे जबाबदारी: कोणी भात आणि पान्सित शेवया आणतो, कोणी आल्याचा गरम सालाबात. मोठ्या मुली लहानग्यांना एका कोपऱ्यात गोळा करून बांबू-कागदाचे तारे, म्हणजे पारोल, करवून घेतात. दोन वर्षांचा मुलगा कोणाच्या तरी कडेवर असतो. कोणाच्या, हे आईला तासभर माहीत नसतं आणि विचारावंही लागत नाही. आपल्याकडे गणपतीच्या मंडपात असंच होतं. भक्ती एकीकडे, पण त्या नऊ संध्याकाळी तिला वर्षात कुठेही न मिळणारी गोष्ट फुकट मिळते: पंचवीस-तीस जोडी हात. दुपारी दोनची मोबाइलवरची मिस्सा ती फक्त पहिल्या दिवशी लावते, माहेरची घंटा ऐकायला. बाकीचे आठ दिवस नाही. पडद्यावरच्या चर्चमध्ये कोणी मुलाला कडेवर घेत नाही.

या नऊ दिवसांची तयारी मात्र सप्टेंबरातच सुरू होते. माहेरी पाठवायची ‘बालिकबायान’ पेटी जहाजाने जाते. दर पेटीच्या आकारावर, वजनावर नाही, म्हणून टॉवेलांच्या घड्यांत साबण, साबणांच्या फटीत चॉकलेट असं ठासून भरायचं. पोचायला दोन महिने सहज लागतात. तिकडे सप्टेंबर लागला की दुकानांत नाताळची गाणी सुरू होतात, तेव्हा पेटी लवकर भरावी लागते यात कोणाला नवल वाटत नाही.

आता २४ डिसेंबर. कॅनडात ही सुट्टी नाही. सुट्टी २५ ला. फिलिपाइन्समध्ये मध्यरात्री नोचे बुएना होते, सगळं घर एका टेबलाभोवती, हॅम, गोल चीज, फळं. तिथले रात्रीचे बारा म्हणजे विनिपेगमधले सकाळचे दहा, आणि वर्षअखेरच्या पगाराच्या कामाचा ऐन वेळ. तिने दोन आठवड्यांपूर्वीच कंपनीच्या कॅलेंडरवर दहा ते साडेदहाचा चौकोन निळा करून ठेवलाय. कारणाच्या जागी एवढंच लिहिलंय: ‘व्यस्त’. पावणेदहाला लोला लिपस्टिक लावून लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत बसलेली असते, आणि तिची ही लेक उभ्याउभ्या, तिच्या खांद्यावरून हात घालून, शेवटची फाइल पाठवते.