केडगावची प्रार्थना

तळेगाव ढमढेऱ्याहून न्हावऱ्याच्या वाटेने निघून भीमेचे पात्र ओलांडले, की शिरूर तालुका संपून दौंड तालुका लागतो आणि पुढे थोड्याच अंतरावर केडगाव येते. नाताळच्या निमित्ताने या केडगावची आठवण करावयाची, ती पंडिता रमाबाईंच्या ‘मुक्ती’साठी.

रमाबाई पुराणिकाच्या घरातल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासमवेत तीर्थोतीर्थी पुराणे सांगण्यात त्यांचे बालपण गेले. भागवत त्यांना मुखोद्गत होते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे पुण्याच्या शारदासदनात त्या आपल्या मुलीसह प्रार्थनेस बसत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या आणि १८९३ साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा रोष अनाठायी म्हणता येणार नाही; सदनात धर्माची ढवळाढवळ होणार नाही, या भरवशावर त्यांनी मुली पाठविल्या होत्या. पण दार लावून देवाशी बोलणे बाईंना मानवले नाही, हेही तितकेच खरे.

१८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींसाठी केडगावच्या माळावर वस्ती उभी राहिली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, शेकडो पानांचा स्वयंपाक! एवढ्या व्यापात ईश्वरस्मरणाला सवड कोठली, असे आपणांस वाटेल. परंतु दळता-कांडताना विठ्ठलाला साद घालणाऱ्या जनाबाईच्या महाराष्ट्राला हा प्रश्न पडू नये. पॅरिसच्या मठातील ब्रदर लॉरेन्स हा सतराव्या शतकातील साधकही मुदपाकखान्यातच देवाचे सान्निध्य अनुभवीत असे.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी नित्य प्रार्थनेसाठी सोबतिणी मागितल्या. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. सर्वजणी एकाच वेळी, मोठ्याने, ज्या त्या आपल्या शब्दांत प्रार्थना करीत. शांत उपासनेची सवय असलेल्या काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तो कल्लोळ रुचला नाही. आपल्याकडील भजनात रंगलेल्या मंडळींना मात्र त्यात नवल वाटले नसते.

याच सुमारास बाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. अडाणी बाईलाही देवाचे वचन कळावे, म्हणून हिब्रू व ग्रीक भाषा शिकून मुळावरून ते केले. ज्या मुली कधी काळी उपाशीपोटी आल्या होत्या, त्याच आता छापखान्यात खिळे जुळवीत होत्या. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा वारली. रमाबाईंची प्रकृती ढासळली होती, तरी मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. ते हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.