स्वस्त विकायचं, पण लगाम कुणाच्या हातात? युरोपातल्या स्वस्त पोर्ट-शेरीच्या बाजारातून आपण काय शिकायचं



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, शेजारच्यापेक्षा पाच रुपये कमी लावले तर गिऱ्हाईक आपल्याकडे येईल ना?"

येईल. पहिल्या आठवड्यात तर नक्कीच येईल. पण तीन वर्षांनी तुमचं दुकान तिथे असेल का, हा खरा प्रश्न आहे.

या आठवड्याच्या व्हिडिओत मी त्याचं उत्तर युरोपातल्या स्वस्त फोर्टिफाइड वाईनच्या बाजारातून दिलं. काहींना वाटलं, आपल्याला वाईन कशाला? मीही वाईन विकत नाही. सांगलीत माझं सुक्या मेव्याचं दुकान आहे आणि मुख्य माल बेदाणा. पण तोही द्राक्षाचाच धंदा. शिवाय शेरीवाल्यांनी केलेली चूक मी छोट्या प्रमाणात स्वतः करून बसलोय. व्हिडिओत आकडे भरभर गेले, म्हणून इथे सावकाश मांडतो.

आधी माल समजून घ्या

साध्या वाईनमध्ये द्राक्षापासूनच काढलेलं कडक स्पिरिट मिसळलं की ती झाली फोर्टिफाइड वाईन. पोर्टमध्ये हे स्पिरिट रस आंबत असतानाच घालतात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते, म्हणून पोर्ट गोड लागते आणि तिची तीव्रता २० टक्क्यांच्या आसपास असते. शेरीत स्पिरिट नंतर घालतात, म्हणून ती मुळात कोरडी असते. गोड हवी असेल तर गोडवा वेगळा मिसळतात.

गोव्यात दुकानादुकानात मिळणारी गोड लाल 'पोर्ट वाईन' तुम्ही पाहिली असेल. नाव तिथूनच आलंय, पण खरी पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यातली. आणि खरी शेरी स्पेनच्या दक्षिणेतल्या हेरेस भागातली. दोन्हींचे महागडे प्रकार आहेत. पण सगळ्यात जास्त बाटल्या खपतात त्या सुपरमार्केटच्या कपाटातल्या, रोजच्या, स्वस्त.

बाटलीचा हिशोब मांडू

ब्रिटनमध्ये एक पोर्टची बाटली नऊ पौंडांना विकली, असं धरा. ७५० मिली, २० टक्के तीव्रता.

तिथे व्हॅट २० टक्के, म्हणजे नऊतले दीड पौंड आधीच गेले. राहिले साडेसात. आता दारूवरचा कर. ३१ जुलै २०२३ पर्यंत अशा बाटलीवर सुमारे २.९८ पौंड कर होता. १ ऑगस्ट २०२३ पासून तिथे तीव्रतेप्रमाणे कर लागू झाला आणि त्याच बाटलीवर तो सुमारे ४.२८ पौंड झाला.

म्हणजे आधी हातात उरत होते ४.५२ पौंड. त्या दिवसापासून उरले ३.२२. यातूनच बाटली, बूच, लेबल, वाहतूक, सुपरमार्केटचं मार्जिन, कंपनीचा खर्च आणि सगळ्यात शेवटी द्राक्ष पिकवणारा शेतकरी.

आता भाव एक पौंडाने कमी करून बघा. व्हॅट थोडा कमी होईल, पण बाटलीवरचा कर एक पेनीनेही कमी होणार नाही. काचही तेवढीच लागेल, ट्रकही तेवढाच लागेल. सरकारने दारूवरचा कर सोडला नाही, वाहतूकदाराने वाटा सोडला नाही. मग त्या पौंडातला बाकीचा भाग गेला कुणाच्या खिशातून? ज्याचा आवाज सगळ्यात बारीक, त्याच्या.

तुमच्या मालाचंही असंच आहे. भाडं, वीज, पॅकिंग हे तुमच्या सवलतीत भागीदार होत नाहीत. सवलत नेहमी तुमच्या मजुरीतून जाते.

शेरीने काय केलं

१९७० च्या दशकात शेरी जोरात होती. ब्रिटन आणि हॉलंड ही मोठी गिऱ्हाइकं. त्या काळात होसे मारिया रुईझ-मातेओस नावाच्या माणसाचा बोलबाला होता. हार्वेज या मोठ्या ब्रिटिश ब्रँडला शेरी पुरवायचा तब्बल ९९ वर्षांचा करार त्याने मिळवला होता. १९६१ मध्ये त्याने रुमासा कंपनी काढली आणि एकेक जुनी शेरी कंपनी विकत घेत गेला.

त्याचा हिशोब सोपा होता: भाव पाडा, माल वाढवा, बाजार ताब्यात घ्या. सुपरमार्केटना त्यांच्याच लेबलखाली स्वस्त शेरी मिळायला लागली. बाकीच्यांना बाजारात टिकायचं तर भाव पाडणं आलंच. भाव पाडले की खर्च वाचवणं आलं. खर्च वाचवला की माल पातळ होणं आलं.

२३ फेब्रुवारी १९८३ रोजी स्पेनच्या सरकारने रुमासा ताब्यात घेतली, तिच्या शेकडो कंपन्या आणि बँकांसकट. पण तोवर गिऱ्हाइकाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: शेरी म्हणजे स्वस्त, गोड, म्हाताऱ्यांचं पेय. त्यात नव्या पिढीची आवड साध्या वाईनकडे वळली. तेव्हा शेरीची बाजू घेणं अवघड होतं, कारण बऱ्याच बाटल्यांवर नाव दुकानाचं होतं. हेरेस भागात एकेकाळी वीस हजार हेक्टरच्या वर द्राक्षबागा होत्या. आज त्या सात हजारांच्या आसपास आहेत. मधल्या काळात लोकांनी वेली उपटून टाकल्या.

आणि मी काय केलं

हे वाचताना मला घाम फुटला होता, कारण मी माझंच वाचत होतो.

दुकान सुरू करून दोन वर्षं झाली होती. अर्ध्या किलोचं बेदाण्याचं पाकीट माझ्या नावाने गावातल्या चाळीसेक किराणा दुकानांत जायचं. एका मोठ्या शहरातल्या साखळी दुकानाने विचारलं, "आमच्या लेबलखाली माल द्याल का?" पहिली ऑर्डर एवढी मोठी होती की मी रात्रभर झोपलो नाही. वडील म्हणाले, "नाव कुणाचं आहे रे पाकिटावर?" मी हसलो. बीबीए मी केलं होतं ना!

पहिल्या वर्षी भाव ठीक होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी पाकिटामागे सात रुपये कमी करायला लावले. तिसऱ्या वर्षी आणखी नऊ. मी प्रतवारीत एक पायरी खाली उतरलो आणि गप्प बसलो. त्यांची ऑर्डर पुरी करता करता गावातल्या चाळीस दुकानांकडे जायला वेळच उरला नाही. मग एका सोमवारी फोन आला. त्यांना दुसरा पुरवठादार मिळाला होता, माझ्यापेक्षा चार रुपयांनी स्वस्त.

त्यांनी काही फसवणूक केली नाही. करारात जे होतं तेच केलं. लगाम मीच त्यांच्या हातात दिला होता. पुढचे सात महिने मी सायकलवर नमुने घेऊन त्याच चाळीस दुकानांत फिरलो. त्यातली अकरा परत मिळाली.

पोर्टने लगाम कसा धरला

आता पोर्ट बघा. तीही स्वस्तात विकली जाते. फ्रान्समध्ये तर लोक जेवणाआधी साधी पोर्ट पितात, आणि प्रमाण बघितलं तर फ्रान्स हे पोर्टचं फार मोठं गिऱ्हाईक आहे. म्हणजे स्वस्त माल आहे, सुपरमार्केट आहे, सगळं शेरीसारखंच.

फरक इथे आहे. दोउरूमध्ये दरवर्षी ठरतं की यंदा किती द्राक्षरसाची पोर्ट करायची. याला 'बेनिफिसिउ' म्हणतात आणि मोजमाप पिंपात असतं, एक पिंप म्हणजे ५५० लिटर. आणखी एक जुना नियम आहे: कंपनीकडे जेवढा साठा असेल, त्याच्या एक तृतीयांशच माल वर्षात विकायचा. म्हणजे मनात आलं म्हणून कुणी गोदाम रिकामं करून भाव पाडू शकत नाही.

हे औषध कडूही आहे. २०२३ मध्ये १,०४,००० पिंपं ठरली, २०२४ मध्ये ९०,००० आणि २०२५ मध्ये ७५,०००. मागणी उतरली की कात्री शेतकऱ्याच्या वाट्याला लागते आणि दोउरूचे शेतकरी त्यावरून चिडलेले आहेत. म्हणून मी असं म्हणणार नाही की पोर्टवाल्यांनी सगळं बरोबर केलं. पण किती विकायचं हा निर्णय दुकानदाराच्या हातात गेला नाही.

तिसरी बाटली

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या मठाची एक वाईन आहे, बकफास्ट. तिथले संन्यासी १८९० च्या दशकापासून ती बनवतात. तीव्रता १५ टक्के, आणि सगळ्यात जास्त नाव मात्र स्कॉटलंडमध्ये. तिच्यावर टीकाही खूप होते आणि ती समजण्यासारखी आहे. दारूचे दुष्परिणाम खरे आहेत, ते लपवून मी धंदा शिकवणार नाही.

या दुष्परिणामांमुळेच स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून दारूला किमान भाव ठरवला: १० मिली शुद्ध अल्कोहोलला ५० पेन्स. तीन लिटरची साडेसात टक्क्यांची सायडर चार-पाच पौंडांना मिळायची, ती ११.२५ पौंडांवर गेली आणि तिची मागणी कोसळली. बकफास्टचा किमान भाव निघाला ५.६३ पौंड. ती आधीच सात पौंडांच्या आसपास विकली जात होती, त्यामुळे तिला त्या दिवशी काहीच फरक पडला नाही.

लोक तिला स्वस्त दारू म्हणत होते, पण लोक ती घेत होते नावाने. सायडर घेत होते भावाने. भावाचा आधार काढला तेव्हा कोण पडलं, ते बघा.

आज रात्री वहीत लिहा

स्वस्त विकणं पाप नाही. आपलं बहुतेक गिऱ्हाईक खिसा बघूनच येतं. फक्त तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या अक्षरात लिहा.

१. माझ्या मालात न हलणारा खर्च किती? तो वजा केल्यावर जे उरतं, त्यातूनच सवलत जाते.

२. पाकिटावर नाव कुणाचं आहे? दुसऱ्याच्या लेबलखाली द्यायला हरकत नाही, पण एका गिऱ्हाइकाकडे किती माल जाईल याची मर्यादा आधी ठरवा. मी एक तृतीयांश ठरवली आहे. पोर्टवाल्यांकडून उसनी घेतली.

३. उद्या माझा भाव आणि शेजारच्याचा भाव सारखा झाला, तर गिऱ्हाईक माझ्याकडे का येईल?

तिसऱ्या प्रश्नापुढे जागा कोरी राहिली तर घाबरू नका. माझीही राहिली होती. त्या कोऱ्या जागेवर काम सुरू करा, भाव नंतर बघू.

भेटू पुढच्या व्हिडिओत.