जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी



आपल्या इस्लापूर भागात संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. सोसायटीच्या कार्यालयात, शाळेत आणि कित्येक सभासदांच्या घरी एखादा तरी संगणक असतोच. परंतु दहा-पंधरा वर्षे झाली की तो इतका रेंगाळतो, की बटण दाबून चहा पिऊन आले तरी पडदा तयार नसतो. मग निकाल लागतो, "डबा झाला, देऊन टाका भंगारात." आणि नव्या यंत्रासाठी ऊस बिलाकडे डोळे लागतात. असा निकाल देण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्याव्यात, म्हणून हा लेखप्रपंच.

यंत्र मंदावते का?

पुष्कळदा यंत्र थकलेले नसते, त्याच्यावरचा भार वाढलेला असतो. बैल तेच, पण गाडीत दरवर्षी मोळ्या जास्त भरत गेलो, तर चाल मंदावणारच. संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडे ती बहुधा विंडोज असते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते. ती जुन्या यंत्रात नसते. मागच्या आवृत्तीवरच राहावे म्हटले, तर विंडोज ७ ची नियमित देखभाल १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. देखभाल थांबलेल्या प्रणालीवर इंटरनेटवरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे गोदामाला कुलूप न लावता झोपणे होय.

दुसरी वाट कोणती?

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. जगभरच्या जाणकारांनी त्यात भर घातली. ही रीत आपल्या सहकाराच्या जवळची आहे. फरक एवढाच, की येथे वापरणाऱ्याला शेअरही घ्यावा लागत नाही. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली काढली.

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. त्यातले काही मुद्दाम हलके ठेवलेले आहेत. अँटिएक्स ५१२ एमबी रॅमवरही चालते. पपी लिनक्स रॅममध्येच बसून काम करते. लुबंटूला मात्र निदान १ ते २ जीबी रॅम आणि ६४ बिटचे यंत्र हवे.

लहान यंत्रावर काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा तो भारतातील पहिला प्रयोग. त्या यंत्रात रॅम अवघी २५६ एमबी होती, तरी लिनक्सवर मुलांचे लिहिणे, चित्रे, खेळ चालत. मुलांसमोरच्या त्या कार्यक्रमाचे नाव 'शुगर', म्हणजे चक्क साखर! पुढे २००९ साली हीच 'साखर' पेनड्राइव्हवरून जुन्या संगणकावर चालवण्याची सोय झाली.

करावे कसे?

१. सर्वप्रथम आपले सर्व कागद, फोटो, हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. नवी प्रणाली बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते. हे पाऊल चुकवू नका.

२. यंत्र ३२ बिटचे की ६४ बिटचे ते पाहा. २००६ साली आलेले कोअर टू ड्युओ व त्यानंतरचे बहुतेक संगणक ६४ बिटचे आहेत. पेन्टियम ४ चे पहिले नमुने ३२ बिटचे.

३. दुसऱ्या चांगल्या संगणकावर ती प्रणाली उतरवून पेनड्राइव्ह तयार करा. पेनड्राइव्हवरून सुरू न होणाऱ्या फार जुन्या यंत्राला सीडी लागते.

४. लगेच बसवू नका. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून कळफलक, आवाज, वायफाय, प्रिंटर तपासा. पटले तर बसवा, नाही तर पेनड्राइव्ह काढा. जुने सारे जसेच्या तसे राहते.

५. थोडा खर्च शक्य असेल तर रॅम वाढवा आणि फिरत्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी घाला. चालीत मोठा फरक पडतो.

पत्रे लिहिणे, तक्ते करणे यासाठी लिब्रेऑफिस फुकट मिळते आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकता येते. जुन्या खासगी फॉन्टमधील मजकूर मात्र त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

मर्यादाही ओळखा

खोडव्याला लागणीचा खर्च नसतो, पण निगा लागते. आणि खोडवा किती वर्षे ठेवायचा यालाही हद्द असते. इथेही तेच. प्रणाली हलकी असली तरी आजच्या वेबसाइट जड आहेत. १ जीबी रॅमवर एका वेळी एक-दोनच पाने उघडावीत. ३२ बिटच्या यंत्रांचे दिवसही भरत आले आहेत: ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ मध्ये ती यंत्रे नव्याने बसवण्याची सोय राहिली नाही, आणि त्याच वर्षी फायरफॉक्सनेही ३२ बिटच्या लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या थांबवल्या. असे यंत्र इंटरनेटविना लिखाणाला व मुलांच्या सरावाला ठेवावे.

सोसायटीच्या सचिवांना खास सूचना. हिशेबाचे पुष्कळसे कार्यक्रम, डिजिटल सहीचे टोकन आणि अंगठ्याचे यंत्र विंडोजसाठीच केलेले असते. पुरवठादाराला विचारल्याशिवाय हिशेबाच्या मुख्य संगणकाला हात लावू नये. बाजूला पडलेल्या दुसऱ्या यंत्रावर प्रयोग करावा.

आणि यंत्र खरोखरच मेले असेल, तरी ते तसेच भंगारवाल्याच्या तराजूवर टाकू नका. डिस्कमध्ये आपले आधार, खाते क्रमांक, सातबारा राहतो; ती काढून घ्या किंवा पूर्ण पुसून टाका. जुन्या जाड पडद्याच्या काचेत शिसे असते, ते आपल्याच मातीत जाते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; नोंदणीकृत केंद्राकडेच हा माल द्यावा.

इस्लापूरहून यंत्र दुरुस्तीला किनवट किंवा नांदेडला न्यायचे, तर भाडेही जाते आणि दिवसही मोडतो. गावात कॉलेजात शिकणारी दोन मुले हे काम शिकली, तर शाळेतील धूळ खात पडलेली यंत्रे पुन्हा मुलांच्या हाती येतील. ज्या सभासदाच्या घरी असा 'डबा' पडून असेल, त्यांनी गळीत हंगामाची धांदल सरली की एक दिवस त्यासाठी काढावा, ही विनंती.