अनुभवी हात आणि फक्कीची रेघ

पुण्याच्या आसपास मोटरसायकलचे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ कोर्स भरतात, तेव्हा फक्की मारायला, कोन मांडायला आणि टेप धरायला चार हौशी माणसं लागतात. त्यातला एक मी. पैसे मिळत नाहीत, मिसळ मिळते. शिवाय शिकायला आलेल्यांना जे दिसत नाही ते सगळं फुकटात बघायला मिळतं.

गंमत नोंदणीच्या टेबलापासूनच सुरू होते. फॉर्मवर ‘अनुभव’ असा एक रकाना असतो. एका काकांनी त्यात ‘तुमच्या वयाएवढा’ असं लिहून दिलं होतं. फॉर्म घेणारी मुलगी हसली आणि तिनं तो फाईलला लावला. दिवसभर आपल्याला शिकवणार ती हीच, हे काकांना तासाभरानं कळलं.

खरं सांगायचं तर जुने रायडर आपणहून फारसे येत नाहीत. कुणाला घरून लडाखची परवानगी या कोर्सच्या अटीवर मिळालेली असते, कुणाच्या ग्रुपनं नवा नियम केलेला असतो. येतात ते लग्नाला आलेल्या जावयासारखे, हाताची घडी घालून. आमच्या प्रशिक्षकांत पहिल्या तासाला ‘जावईबापूंना घोड्यावरून उतरवणं’ म्हणतात. त्यासाठी वेग लागत नाही, उलट तो काढून घ्यावा लागतो.

दोन मोटारी उभ्या राहतील एवढा चौकोन आखायचा आणि त्यात पाय न टेकता यू-टर्न घ्यायला सांगायचं. महामार्गावर तासन्‌तास शंभराच्या पुढे गाडी पळवणारी माणसं इथे पाय टेकतात. आमचे काका बुलेटवर होते. दोन्ही बाजूंना पेट्या, मडगार्डवर खारदुंगलाचा स्टिकर. तीनदा पाय टेकल्यावर म्हणाले, “अहो, ही गाडीच वळत नाही. वजन बघा तिचं.”

“काका, किल्ली देता?” नोंदणीच्या टेबलावरच्या त्याच मॅडमनी विचारलं.

त्या बसल्या तेव्हा त्यांच्या पायांची फक्त बोटं जमिनीला लागत होती. हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, मान पार खांद्यावरून मागे वळवून नजर मैदानाच्या फाटकावर. एक गोल डावीकडून, एक उजवीकडून. किल्ली परत दिली आणि पुढच्या माणसाकडे गेल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. प्रात्यक्षिक संस्थेच्या गाडीवर कधी करायचं नाही, तक्रार करणाऱ्याच्याच गाडीवर करायचं, हा इथला अलिखित नियम आहे. काका मग बराच वेळ गप्प होते. पुढच्या फेरीत त्यांनी पुढच्या चाकाकडे बघणं सोडलं आणि गाडी वळली.

पण ज्याच्यासाठी मी रविवारची झोप मोडून जातो तो तास ब्रेकचा. जाडसर फक्कीची रेघ मारलेली असते. ताशी चाळीसच्या वेगानं यायचं आणि रेघेवर चाक आलं की थांबायचं. शिकवणं नंतर. पहिल्यांदा ‘तुम्ही रस्त्यावर थांबता तसं थांबा’ एवढंच सांगतात. बहुतेक जुने हात काय करतात? उजवा पाय दाबतात. मागचं चाक लॉक होतं, डांबरावर काळा पट्टा उमटतो, मागची बाजू शेपटासारखी हलते आणि गाडी सतरा-अठरा मीटरवर कशीबशी उभी राहते. मग टेप निघते. टेपचं शून्याचं टोक मुद्दाम रायडरच्याच हातात द्यायचं, कारण नाहीतर वाद होतो. एका गृहस्थांनी तरीही टेप खोटी ठरवून पावलांनी अंतर मोजून पाहिलं होतं. ते एक पाऊल जास्तच भरलं.

ही सवय येते कुठून? घरातून. “पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर आपटशील” हे वाक्य राजदूत आणि येझदीच्या काळातल्या वडिलांनी, मामांनी कळवळ्यानं सांगितलेलं असतं, आणि पोरानं ते डिस्क ब्रेकच्या गाडीवरही तसंच पाळलेलं असतं. हे आपल्याकडचंच दुखणं आहे असंही नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूनं लॉस एंजेलिस परिसरातले सुमारे ९०० मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. १९८१ साली त्यांचा अहवाल आला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. ऐनवेळी त्यांनी केलं तेच, जे आमच्या रेघेवर दिसतं : मागचा ब्रेक गच्च, पुढचा जेमतेम. आणि धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत हाताशी वेळ होता साधारण दोन सेकंदांहून कमी. तेवढ्या वेळात माणूस विचार करत नाही, हातापायांना जे ठाऊक असतं तेच होतं.

ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. जोरात थांबताना थांबवण्याचं पाऊण काम, कधी त्याहून जास्त, पुढचं चाकच करतं. म्हणून शिकवतात ते इतकंच, की पुढचा ब्रेक झटका देऊन दाबायचा नाही. आधी हलका लावून भार पुढे येऊ द्यायचा आणि मग पिळत न्यायचा. पाच-सहा फेऱ्यांत तेच काका त्याच बुलेटवर दहा मीटरच्या आत थांबले. टेपचं टोक त्यांच्याच हातात होतं.

“माझ्या गाडीला एबीएस आहे, मला काय गरज?” हा प्रश्न दर खेपेला येतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, ते चांगलंच झालं. पण पुढचा ब्रेक पुरेसा दाबलाच नाही तर एबीएस बिचारं काय करणार?

यानंतर ब्रेक लावायच्या इशाऱ्याची झेंडी येते, आणि ती माझ्या हातात असते. तिसऱ्या कोनापाशी खाली करीन असं सगळ्यांसमोर जाहीर करायचं आणि करायची दुसऱ्यापाशी. प्रशिक्षकांचीच ही आज्ञा. मला शिव्या मिळतात, पण गल्लीतून येणारी रिक्षा कुठे आगाऊ सांगून येते?

वळणाच्या तासाला वेगळीच मजा. घाट कसा वळता, असं विचारलं की सगळे अंग झुकवून दाखवतात. कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूलचे संस्थापक कीथ कोड यांनी ही समजूत मोडायला एक खास गाडी बनवली. चौकटीलाच घट्ट बसवलेलं जादा हँडल आणि त्यावर वेगळा थ्रॉटल. ते धरून कितीही अंग टाकलं तरी गाडी नीट वळत नाही. उजवीकडे वळायला उजवं हँडल किंचित पुढे ढकलावं लागतं. सगळे आयुष्यभर नकळत हेच करत आलेले असतात. ते कळून करायला लागले की घाटात वळण बाहेर सुटायला लागल्यावर हात आखडत नाहीत.

आता प्रशिक्षक चहाच्या टपरीवर जे बोलतात आणि माहितीपत्रकात जे छापत नाहीत तेही सांगतो. त्यांना भीती असते ती कोर्सनंतर छाती फुगणाऱ्यांची. एक जण प्रमाणपत्राचा फोटो ग्रुपवर टाकून त्याच संध्याकाळी ताम्हिणीत गुडघा टेकवायला निघाला होता, त्याला मॅडमनी फाटकावर अडवून तासभर कोन गोळा करायला लावले. ही भीती पोकळ नाही. नॉर्वेत १९७९ नंतर नवशिक्या मोटारचालकांना निसरड्या रस्त्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, तर पुढे तरुण पुरुषांचे निसरड्यावरचे अपघात वाढलेले दिसले. मोटरसायकल प्रशिक्षणाच्या जगभरच्या अभ्यासांचा २०१० साली कॉक्रेन या संशोधनसंस्थेनं आढावा घेतला, त्यातही अपघात नक्की घटतात असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा हाती लागला नाही.

मग जुन्या माणसानं जावं की नाही? माझं मत, जावं. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि त्यातली शंभरात ४४ दुचाकीवरची होती. सतरा मीटरचे दहा मीटर होणं ही त्या रस्त्यावर लहान गोष्ट नाही. पण एकदा जाऊन भागत नाही. वर्षानं परत आलेल्यांचा पाय पुन्हा मागच्या ब्रेककडे गेलेला मी टेप धरून पाहिलाय.

आणि जाण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. स्वतःच्या, रोजच्या गाडीवर शिकवतात का? एका प्रशिक्षकामागे किती जण? ब्रेकचं अंतर मोजतात का? नुसती पडद्यावर चित्रं दाखवून संध्याकाळी प्रमाणपत्र देत असतील, तर त्या पैशात गाडीला चांगले टायर घाला.