तिसरे शील आणि अकाली मातृत्व

पंचशील ग्रहण करताना आपण प्रत्येक शीलात दोन शब्द उच्चारतो : 'वेरमणी' आणि 'सिक्खापद'. वेरमणी म्हणजे विरती. सिक्खापद म्हणजे शिकून आचरावयाचा नियम. तथागतांनी संयम शिक्षणापासून वेगळा केला नाही. समजून न घेता पाळलेली मनाई म्हणजे शील नव्हे. किशोरवयीन मुलींवर येणाऱ्या अकाली मातृत्वाचा विचार करताना हा भेद ध्यानी ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

असा प्रसंग घडला की समाज मुलीच्या वर्तनाला दोष देतो. वस्तुस्थिती निराळी आहे. आपल्या देशात असे मातृत्व बहुतांशी विवाहानंतरच येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाला होता. संयमाचा उपदेश मुलीला करावयाचा आणि मांडव तिच्याच दारी घालावयाचा, ही विसंगती होय. अपुऱ्या वाढीच्या देहाला रक्तक्षय, झटके व अडलेले बाळंतपण यांचा धोका अधिक. मूलही कमी वजनाचे जन्मते.

म्हणून प्रथम विरती हवी ती पालकांची. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत अपत्याला विद्या-शिल्प शिकविणे आधी येते, अनुरूप विवाह त्यानंतर. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. मुलांच्या लग्नाची घाई करू नका, हाच उपदेश बाबासाहेबांनी तेथे केला.

दुसरी विरती पुरुषाची. पत्नी १८ वर्षांखालील असल्यास तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.

आणि मुलामुलींची विरती? ती ज्ञानावाचून टिकत नाही. अमेरिकेत केवळ संयमाचा पाठ देणाऱ्या चार उपक्रमांची सरकारी पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली; तो पाठ घेतलेली मुले इतरांहून अधिक संयमी आढळली नाहीत. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी घातली! याउलट, १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला होता. तो फेटाळला गेला. परंतु या विषयावर उघडपणे बोलण्यात आपल्या चळवळीने कमीपणा मानला नाही, हे त्यातून दिसते.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील विहारांनी हे कार्य हाती घ्यावे, असे आम्ही सुचवितो. वर्षावासातील प्रवचनमालेत एक दिवस या विषयाला द्यावा. डॉक्टर किंवा परिचारिकेला पाचारण करावे. मुलांनाही मुलींइतकेच शिकवावे. विवाहविधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी वधूचा शाळेचा दाखला पाहिल्याखेरीज मंगल परिणयास उभे राहू नये. बालविवाह लावणाराही २००६ च्या कायद्याने शिक्षेस पात्र आहे. बालविवाह ठरत असल्याचे कळताच १०९८ या क्रमांकावर कळवावे. तिसरे शील मुखाने म्हणणारा प्रत्येक उपासक एवढे करील, तर त्या शीलाचा अर्थ मुलींना निराळा समजावून सांगावा लागणार नाही.